पुस्तक त्यांचं, नोंद कोणाची?

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय स्थापन झालं १८४० साली. आपल्याकडे कॉपीराइटचा पहिला कायदा आला १८४७ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात. म्हणजे नाशिककर ज्याला 'सावाना' म्हणतात ते वाचनालय या देशातल्या कॉपीराइटपेक्षा सात वर्षांनी थोरलं. गोदाकाठी लोक पुस्तकं एकत्र ठेवून वाचू लागले तेव्हा त्या पुस्तकांची नक्कल करण्याचा हक्क कोणाचा, हे इथल्या कायद्याने ठरवलेलंच नव्हतं.

मला हा क्रम फार आवडतो. आज वाटतं की आधी मालकी असते आणि मग कोणीतरी मेहेरबानीने वाचायला देतो. इतिहासात मात्र निदान नाशकात तरी वाचणारे आधी आले, मालकी मागून आली.

आता समजा, एवढ्या जुन्या वाचनालयाने एक दिवस ठरवलं की आपली सगळी ग्रंथयादी संगणकावरच्या एका तक्त्यात घालायची आणि कोणालाही उतरवून घेता येईल अशी मोकळी करायची. विद्यार्थ्याने घ्यावी, संशोधकाने घ्यावी, पुस्तकविक्रेत्यानेही घ्यावी. यालाच हल्ली 'ओपन डेटा' म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पण कार्यकारी मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच येणार: 'अहो, पण कॉपीराइटचं काय?'

त्यासाठी यादीतली एकच ओळ घेऊ. दाखल क्रमांक. लेखक: साने गुरुजी. शीर्षक: श्यामची आई. पहिली आवृत्ती १९३५. पानं, किंमत, प्रकाशक, वर्गांक. शेवटी एखादी टीप, 'बांधणी सुटलेली' वगैरे. पुस्तक निवडतानाही नाशिकच डोळ्यापुढे आहे. गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ ते १३ तारखेच्या दरम्यान. अवघ्या पाच दिवसांत.

या ओळीतली कुठली गोष्ट कोणाच्या मालकीची आहे? साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली, हे सत्य कोणाचं? उत्तर: कोणाचंच नाही. सत्यावर मालकी सांगता येत नाही, मग ते शोधायला कितीही कष्ट पडलेले असोत. हा शेवटचा भाग कोणालाही खटकेल, आणि न्यायालयांनाही तो सहजासहजी पचलेला नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एक छोटी टेलिफोन कंपनी होती. फाइस्ट नावाच्या प्रकाशकाने तिच्या डिरेक्टरीतली नावं आणि नंबर उचलून स्वतःची मोठी डिरेक्टरी काढली. टेलिफोन कंपनी हुशार. तिने आपल्या यादीत काही बनावट माणसं मुद्दाम पेरून ठेवली होती, चोर पकडण्यासाठी. त्यांतली चार फाइस्टच्या पुस्तकात जशीच्या तशी सापडली. नक्कल अशी रंगेहाथ पकडली गेली. तरीही १९९१ मध्ये अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नक्कल केली हे खरं, पण गुन्हा काय? नावं आडनावाप्रमाणे लावण्यात कसली आलीय प्रतिभा? नुसता घाम गाळला म्हणून कॉपीराइट मिळत नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न २००७ मध्ये निकालात निघाला. लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीने डी. बी. मोडक यांच्याविरुद्ध दावा लावला होता. कंपनी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल व्यवस्थित संपादित करून छापते. तिचं म्हणणं असं की 'ग्रँड ज्युरिक्स' नावाच्या सीडीत आमचेच संपादित निकाल घेतले आहेत. १२ डिसेंबरला निकाल लागला. निकालपत्रांचा मूळ मजकूर कोणाच्याही बापाचा नाही. मात्र परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणं, कुठला न्यायमूर्ती सहमत आणि कुठला असहमत याची संपादकीय नोंद करणं, यात कौशल्य आणि निर्णयबुद्धी लागते. तेवढ्यापुरता हक्क कंपनीचा. कष्टाला संरक्षण नाही, निवडीला आणि मांडणीला आहे, अशी ही मधली वाट.

याच कसोटीवर वाचनालयाची यादी घासून पाहिली की गंमत कळते. आपल्या कायद्यात 'साहित्यकृती' या सदरात तक्ते, संकलनं आणि संगणकावरचे माहितीसंच स्पष्टपणे धरले आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी 'नटसम्राट' आणि एक्सेलची फाइल एकाच पंगतीला बसू शकतात! पण पंगतीत शिरण्याची अट आहे: निवड किंवा मांडणी स्वतःच्या डोक्याने केलेली हवी. वाचनालयाने असतील ती सगळी पुस्तकं दाखल क्रमांकाने ओळीत लावली, तर निवड कुठे झाली? आहे तेवढं सगळं घेतलं. मांडणी कुठे झाली? आकड्यांनी आपली आपण केली. उलट एखाद्या ग्रंथपालाने 'नाशिक जिल्ह्याच्या इतिहासासाठी आवर्जून वाचावीत अशी पुस्तकं' निवडून प्रत्येकाखाली चार ओळींचा अभिप्राय लिहिला, तर ती निवड आणि ते अभिप्राय त्याचे. दहापट काम त्या पहिल्या यादीत आहे, हक्क मात्र दुसरीत.

इथे मला शंकर गणेश दाते आठवतात. मराठीत १८०० पासून १९३७ पर्यंत काय काय छापलं गेलं त्याची सूची या माणसाने केली, पुढे १९५० पर्यंतचा दुसरा भागही. मराठीच्या अभ्यासकाला 'दाते सूची' एवढं म्हटलं की पुरतं. संगणक नाही, झेरॉक्स नाही, एकेक पुस्तक प्रत्यक्ष हाताळून त्याची नोंद करायची. घामच मोजायचा तर एवढा घाम मराठीत फार थोड्यांनी गाळला असेल. आणि कायदा काय म्हणतो? विषयवार लावण्याची त्यांची रचना त्यांची, पण 'हे पुस्तक अमुक साली अमुक छापखान्यात छापलं' ही प्रत्येक नोंद पहिल्या दिवसापासून सगळ्यांची. मला हा न्याय आधी कोरडा वाटला होता. पण उलटं चित्र रंगवून बघा: त्या नोंदी दात्यांच्या खासगी मालकीच्या असत्या, तर त्यांच्यानंतर मराठी पुस्तकांचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पानापासून परवानगी मागत बसावं लागलं असतं. दाते १९६४ च्या डिसेंबरात गेले. त्यामुळे १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्या रचनेवरचा हक्कही संपला.

युरोपने मात्र वेगळा रस्ता धरला. तिथे १९९६ पासून माहितीसंच उभारायला घातलेल्या पैशाला आणि श्रमाला १५ वर्षांचं स्वतंत्र संरक्षण आहे. पण ते तिथल्याच रहिवाशांना आणि संस्थांना. नाशिकची यादी पॅरिसला गेली तरी तिला ते मिळायचं नाही.

आपल्या ओळीतला वर्गांक अजून राहिला. मराठी साहित्याला ड्यूई दशांश पद्धतीत ८९१.४६ हा आकडा आहे. कवितेला ८९१.४६१, कथा-कादंबरीला ८९१.४६३. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तो असतो. मेल्व्हिल ड्यूईने ही पद्धत १८७६ मध्ये छापली, पण आज चालू असलेली तिची आवृत्ती आणि 'ड्यूई' हे नावसुद्धा ओसीएलसी नावाच्या अमेरिकन संस्थेकडे आहे. न्यूयॉर्कमध्ये 'लायब्ररी हॉटेल' नावाचं एक हॉटेल आहे. तिथल्या खोल्यांना ड्यूईप्रमाणे विषय आणि आकडे दिले होते. २००३ मध्ये ओसीएलसीने त्या हॉटेलवर दावा ठोकला. पुढे समझोता झाला. पुस्तकाला तो आकडा लावणं ही निव्वळ माहिती आहे, त्याला कोणी हात लावणार नाही. पण हजारो आकड्यांचा अख्खा कोष्टकसंग्रह उतरवून आपल्या यादीसोबत वाटायला निघालात, तर ओहायोहून पत्र येऊ शकतं. आपल्या कपाटाचा पत्ता आणि त्याचा मालक अमेरिकेत, ही कल्पनाच मला भन्नाट वाटते.

यादी झाली. आता आत, पुस्तकात शिरू. इथे चित्र एकदम पालटतं, कारण इथे घड्याळ लावलेलं असतं.

आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. साने गुरुजी गेले ११ जून १९५० ला. म्हणजे १९५१ पासून ६० वर्षं, २०१० अखेर. १ जानेवारी २०११ ला 'श्यामची आई' सगळ्यांची झाली. पण ती खरं तर दहा वर्षं आधीच व्हायची होती. १९५७ च्या कायद्यात मुदत ५० वर्षांचीच होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेलेले, त्यामुळे त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपत होता. तो वाचवण्यासाठी वर्ष संपता संपता अध्यादेश निघाला आणि १९९२ मध्ये मुदत ६० वर्षांची झाली. टागोरांसाठी उघडलेल्या छत्रीखाली देशातले सगळे लेखक आले. शांतिनिकेतनचा प्रश्न होता, आणि नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक त्यापायी दहा वर्षं जास्त बंद राहिलं.

लक्ष्मीबाई टिळक या छत्रीतून सुटल्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, 'स्मृतिचित्रे'वाल्या. त्या १९३६ मध्ये गेल्या, जुन्या मुदतीने १९८६ अखेर हक्क संपला, आणि एकदा संपलेला हक्क १९९२ च्या दुरुस्तीने पुन्हा जिवंत केला नाही. पण त्याच घरातलं 'ख्रिस्तायन' घ्या. रेव्हरंड टिळकांनी सुरू केलं, लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, शेवट मुलाने, देवदत्त टिळकांनी केला. एका पुठ्ठ्यात तीन हात. त्यातून लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेल्या मजकुराची मुदत मृत्यूपासून नव्हे, प्रकाशनापासून मोजतात. कुठला भाग कोणाचा हे कळल्याशिवाय घड्याळच लावता येत नाही.

भगूरचे सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ ला गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०२७ ला मोकळं होतं. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ ला गेले, म्हणजे 'विशाखा' आणि 'नटसम्राट' १ जानेवारी २०६० ला. तोवर त्यांच्या पुस्तकांच्या नोंदी यादीत खुशाल जातील, पानं नाहीत. वाचनालयाला एवढी मुभा मात्र आहे: ज्या पुस्तकाची छापील प्रत कपाटात आहे, ती जतनासाठी स्कॅन करून संगणकात ठेवता येते. ही तरतूद २०१२ मध्ये आली. बाजारात मिळेनाशा झालेल्या पुस्तकाच्या वाचनालयापुरत्या तीन प्रतीही काढता येतात. वाळवीपासून वाचवा, पण जगाला वाटू नका, असा त्याचा मतलब.

'श्यामची आई' मोकळी झाली म्हणजे दुकानात मिळणारी प्रत्येक 'श्यामची आई' जशीच्या तशी स्कॅन करून टाकावी, असंही नाही. आजच्या आवृत्तीवरचं मुखपृष्ठ चित्रकाराचं. आतली रेखाटनं त्याची किंवा दुसऱ्या कोणाची. नवी प्रस्तावना प्रस्तावनाकाराची. ब्रिटनमध्ये तर पानाच्या टंकरचनेवरही प्रकाशकाचा २५ वर्षांचा हक्क असतो, आपल्याकडे तो नाही. म्हणून शहाणा ग्रंथपाल जुनी प्रत शोधतो.

आणि त्या जुन्या प्रतीच्या स्कॅनवर कोणाचा हक्क? इथे मला अनेक संस्थांशी भांडायचं आहे. दीडशे वर्षांपूर्वीची पोथी स्कॅन करायची आणि प्रत्येक पानावर स्वतःच्या नावाचा आडवा ठसा मारून खाली 'सर्व हक्क राखीव' लिहायचं, ही आपल्याकडची सवयच आहे. सपाट पान यंत्राखाली ठेवून बटण दाबण्यात कुठली निर्णयबुद्धी आली? मोडक निकालाच्या कसोटीवर तो दावा टिकणं अवघड. तरी लोक घाबरतात आणि हात लावत नाहीत.

याहून जास्त नुकसान गप्प बसण्याने होतं. यादी मोकळी केली पण खाली काहीच लिहिलं नाही, तर वापरणाऱ्याने काय समजायचं? बंगळुरूतला अभियंता म्हणतो, माझ्या कंपनीचा वकील नको म्हणेल. संशोधक म्हणते, उद्या कोणी आक्षेप घेतला तर? म्हणून जगातल्या मोठ्या ग्रंथालयांनी एक साधी युक्ती काढली: आमचा काही हक्क असलाच, तर तो आम्ही सोडला, असं लिहूनच टाकायचं. हार्वर्डने २०१२ मध्ये १ कोटी २० लाखांहून जास्त ग्रंथनोंदी 'सीसी-झीरो' या जाहीरनाम्याखाली सोडल्या. युरोपियाना या युरोपच्या सामायिक संग्रहानेही त्याच वर्षी आपल्या नोंदींसाठी तेच केलं.

सीसी-झीरोची रचना मला एखाद्या वस्ताद वकिलाची वाटते. आधी म्हणतो, मी हक्क सोडला. एखाद्या देशाच्या कायद्यात असा हक्क सोडता येत नसेल, तर मग ही घ्या बिनशर्त कायमची परवानगी. तीही कमी पडली, तर मी तुमच्यावर कधी दावा लावणार नाही असं वचन. तिहेरी कडी. याच्या शेजारी 'सीसी-बाय' आहे: काहीही करा, फक्त आमचं नाव लिहा. भारत सरकारनेही २०१७ मध्ये आपला स्वतःचा परवाना काढला. तोही साधारण तसाच: श्रेय द्या आणि वापरा, धंद्यासाठी वापरलं तरी चालेल. पण तो सरकारी माहितीसाठी. अनुदान मिळतं म्हणून सार्वजनिक वाचनालय सरकारी खातं होत नाही, त्याने आपला परवाना आपण निवडायचा. माझं मत विचाराल तर यादीला सीसी-झीरो आणि ग्रंथपालांच्या टिपांना, अभिप्रायांना सीसी-बाय. कारण दहा वाचनालयांच्या याद्या एकत्र करून महाराष्ट्राची एक यादी करायची झाली, तर प्रत्येक ओळीला दहा संस्थांची नावं लटकवत बसणं कोणाला जमणार?

एक रजिस्टर मात्र कुठल्याही परवान्याखाली बाहेर जाऊ नये: देवघेवीचं. कोणी कोणतं पुस्तक कधी नेलं, यावर कॉपीराइट नसेलही, पण ती माणसांची खासगी गोष्ट आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा विषय तो. 'मोकळं' म्हटलं की सगळंच मोकळं करण्याचा उत्साह तिथे आवरावा.

मोकळ्या याद्यांची खरी जादू पाहायची तर १८६७ कडे जावं लागेल. त्या साली छापखान्यांचा आणि पुस्तकनोंदणीचा कायदा झाला. त्यानुसार मुंबई इलाख्यात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची दर तिमाहीला सरकारी यादी निघू लागली. त्यात काय काय लिहायचं हे कायद्याने ठरवून दिलं होतं: शीर्षक, भाषा, लेखक, विषय, छापखाना, पानं, आकार, किती प्रती काढल्या, शिळाछाप की खिळाछाप, किंमत. आणि शेवटचा रकाना, कॉपीराइटच्या मालकाचं नाव आणि पत्ता! राज्यकर्त्यांना नजर ठेवायची होती, त्यातून मराठी छपाईचा एक अत्यंत तपशीलवार तक्ता तयार झाला. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने या तिमाही याद्या स्कॅन करून, अक्षरं शोधता येतील अशा रूपात खुल्या केल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या लायब्ररीवर मोठा सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा दीर्घकाळ बंद पडल्या. मोकळ्या परवान्याचा व्यवहारी फायदा अशा वेळी कळतो: ज्यांनी संच आधीच उतरवून घेतले होते त्यांचं काम अडलं नाही, आणि ते दुसऱ्याला देतानाही त्यांना कोणाची परवानगी लागली नाही.

इंग्रजांच्या त्या यादीत कॉपीराइटच्या मालकाचा जो रकाना होता, तो आपल्या दाखल रजिस्टरात नसतो. आणि त्याहून महत्त्वाचा रकाना दोन्हींकडे नाही: लेखक कधी गेला? पुस्तकाची किंमत आठ आणे होती हे आपल्याला ठाऊक असतं, पण ते मोकळं आहे की नाही हे ठरवणारा एकमेव आकडा कोणी लिहून ठेवलेला नसतो. कुसुमाग्रजांची तारीख शाळकरी पोरालाही शोधता येते. पण १९४० साली स्वखर्चाने गोदामाहात्म्य छापणारे एखादे शाळामास्तर? ते १९५० मध्ये गेले की १९८०? पहिलं खरं असेल तर पुस्तक आजच सगळ्यांचं, दुसरं असेल तर २०४० संपेपर्यंत थांबा.

असं बेवारस पुस्तक छापायला कायद्यात वाट आहे, कलम ३१-अ. मालक सापडत नसेल तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र आधी देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. पूर्वी हा अर्ज कॉपीराइट बोर्डापुढे जायचा, मग अपील मंडळाकडे, आणि २०२१ मध्ये ते मंडळच बरखास्त झाल्याने आता उच्च न्यायालयाची पायरी. आठ आण्यांच्या मराठी पुस्तिकेसाठी इंग्रजी पेपरात जाहिरात आणि मुंबईला वकील! कोण करणार?

त्यापेक्षा सोपा मार्ग घरातूनच निघतो. आजोबांचं किंवा पणजीचं एखादं पुस्तक जुन्या वाचनालयात असेल, तर ग्रंथपालांना साध्या कागदावर पत्र लिहावं. पुस्तकाचं नाव, आजोबा गेल्याची तारीख, वारसांची नावं, आणि हक्क अजून चालू असेल तर 'हे पुस्तक स्कॅन करून सीसी-बाय परवान्याखाली सर्वांना खुलं करायला आम्हा सर्व वारसांची संमती आहे' असं एक वाक्य, खाली सगळ्यांच्या सह्या. त्यासाठी ना जाहिरात लागते, ना न्यायालय. ग्रंथपालाने ते पत्र फाइलला लावायचं, आणि दाखल रजिस्टरात पेन्सिलीने एक नवा रकाना आखून त्या ओळीपुढे साल लिहायचं.